ऑरिनचा आकडा

"तिसरी गोळी कुठे गेली?" व्हर्नाने विचारलं.

मी दुर्बिणीला डोळा लावून पालथी पडले होते. शंभर यार्डांवर गवताच्या गठ्ठ्याला टाचलेला कागद उन्हाच्या झळांत असा हलत होता, की कुणी तो पाण्याच्या तळाशी ठेवलाय असं वाटावं. भोकं सापडायला वेळ लागला.

"डावीकडे. वर. अजून थोडी सरकली असती तर कागदाबाहेरच."

"आणि दुसरी?"

"खाली, उजवीकडे. दोन्हींच्या मधे माझा पंजा मावेल."

"पंजा काय पंजा, लोईस. नीट माप सांग."

"मग स्वतः जाऊन बघ. मी स्वयंपाकीण आहे."

"मीही स्वयंपाकीणच आहे," ती म्हणाली. "सगळा घोळ तिथेच झालाय."

तिने बंदुकीचा खटका मागे ओढला. पितळी पुंगळी उडून आमच्या मधल्या घोंगडीवर पडली. व्हर्नाने ती उचलली, तळव्यात इकडून तिकडे फिरवत थंड केली आणि डब्यात ठेवली. मग डावा हात उजव्या खांद्यावर नेऊन तो हळूच दाबला. मी बघतेय हे लक्षात आल्यावर हात काढून घेतला.

जुलै होता. पश्चिमेला कुठेतरी जंगल पेटलेलं होतं आणि धुरामुळे लिटल बेल्टचे डोंगर नुसते रेघेसारखे दिसत होते. खडीच्या त्या जुन्या खाणीत आमच्याशिवाय कुणी नव्हतं. गोळीचा आवाज विरला की टोळांची किरकिर पुन्हा सुरू व्हायची आणि ती ऐकत पडलं की डोळे आपोआप मिटायला लागायचे. वेलंडच्या वृद्धाश्रमात आम्ही दोघी मिळून चाळीस माणसांचं जेवण रांधायचो. दुपारची भांडी आवरली की तिच्या पिकअपमध्ये बसून इथे यायचो. त्या उन्हाळ्याच्या आठवणीत माझ्यापाशी एवढंच आहे: भांड्यांची वाफ, मग रस्त्याची धूळ, मग तो हलणारा पांढरा कागद.

व्हर्नाचा नवरा ऑरिन फेब्रुवारीत गेला. जिल्ह्याच्या रस्त्यावरचं बर्फ काढायचं यंत्र तो चालवायचा. सकाळची फेरी संपवून घरी आला, बूट काढायला खुर्चीत बसला आणि एकच बूट काढला. व्हर्ना तेव्हा आश्रमात कामावर होती. ती परत गेली तेव्हा दुसऱ्या बुटाची नाडी त्याच्या बोटांत होती.

ऑरिनसारखा मोजूनमापून जगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. कॉफीचा चमचा तो सुरीच्या पाठीने सपाट करून घ्यायचा. दुसऱ्याच्या घरी गेला तरी भिंतीवरची तिरकी तसबीर सरळ केल्याशिवाय त्याला बसवत नसे. तरुणपणी यंत्रावरून पडून त्याचा खांदा निखळला, तो कधी नीट बसलाच नाही, त्यामुळे बंदुकीचा धक्का त्याला सोसत नव्हता. व्हर्नाला तिच्या वडिलांनी लहानपणीच नेम शिकवलेला. म्हणून यांच्या घरी उलटा कारभार होता: काडतुसं तो घरी भरायचा आणि शिकार ती करायची. वर्षाला एक एल्क, म्हणजे घोड्याएवढं मोठं हरीण. त्यावर दोघांचा हिवाळा निघायचा आणि वर माझ्या घरी कागदात गुंडाळलेल्या मांसाच्या सुरळ्या यायच्या. गावात म्हणायचे, ऑरिन भरतो, व्हर्ना मारते.

हिवाळ्यातल्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले की दोघं गॅरेजमध्ये असायचे. छोटा स्टोव्ह चालू, खिडकीवर बर्फाची फुलं. ऑरिन एका जुन्या तराजूसमोर वाकलेला. कुठल्याशा शेताच्या लिलावात घेतलेला तो तराजू होता. पितळेची दांडी, तिच्यावर सरकणारं वजन आणि टोकाला बशीसारखी इवलीशी ताटली. तो ताटलीत चिमटीने बंदुकीची दारू सोडायचा. दांडी वरखाली डुलायची आणि ती थांबेपर्यंत तो श्वास रोखून बसायचा. मग ओठातल्या ओठात वजनाचा आकडा पुटपुटायचा आणि दारू पुंगळीत ओतायचा. पुढची पुंगळी, पुन्हा तोच आकडा. व्हर्ना बाजूला विणत बसलेली असायची. तिने त्या कामात कधी लक्ष घातलं नाही, पण इतकी वर्षं ऐकून ऐकून आकडा तिच्या कानात बसला होता. तो आकडा मी इथे सांगणार नाही. ज्याच्या त्याच्या बंदुकीचा आकडा वेगळा असतो, आणि दुसऱ्याचा ऐकून भरणाऱ्यांची बोटं गेलेली मी पाहिली आहेत.

"तू हे भरलंस ना व्हर्ना, तर मिठासारखं अंदाजाने टाकशील," तो म्हणायचा.

"माझ्या सूपमुळे अजून कुणी मेलेलं नाही," ती म्हणायची.

तो गेल्यावर गॅरेज आवरायला त्याचा धाकटा भाऊ डेल्मर आला होता. व्हर्ना त्याला म्हणाली, काय हवं ते ने. त्याने तो तराजू उचलला. ती तेव्हा काहीच बघत नव्हती, कशालाच नाही म्हणत नव्हती. मे महिन्यात शिकारीच्या परवान्यांची सोडत झाली आणि तिच्या नावाने एल्कच्या मादीचा परवाना निघाला. अर्ज ऑरिन असतानाच भरून ठेवलेला होता. त्या दिवशी ती जराशी जागी झाल्यासारखी वाटली. तिने टपालाने विजेवर चालणारा नवा वजनकाटा मागवला, पुंगळीत गोळी बसवायचं ऑरिनचं दाबयंत्र पुसून घेतलं आणि काडतुसं भरायला बसली. दारूचा डबा त्याचाच, अर्धा उरलेला. दारू पेटवणाऱ्या टोप्या त्याच्याच पेटीतल्या. पुंगळ्या त्याच. आकडाही त्याचाच.

आणि तरी गोळ्या कागदभर विखुरत होत्या. ऑरिनच्या काडतुसांनी तिची तीन भोकं एकमेकांना चिकटून यायची, तीन दलांच्या तिपतीच्या पानासारखी.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. न्हावी म्हणाला, नळी झिजली. पाद्रीबाबा म्हणाले, दस्त्याचं लाकूड फुगलं असेल. बंदुकांच्या दुकानातला एक माणूस म्हणाला की विकायची झाली तर आधी मला सांगा, लाकूड फार सुंदर आहे. आणि तिच्या पाठीमागे सगळे एकच म्हणत होते, की बाईचं वय झालं, त्यात हे दुःख, हात हलत असणार. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. चाप ओढायच्या आधी ती डोळा किंचित मिटतेय असा मला संशय होता.

व्हर्ना मात्र एका वेळी एकच गोष्ट धरायची. हे ती ऑरिनकडून शिकली होती. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कोणत्या गोष्टीने फरक पडला ते कळत नाही. आधी तिने बंदुकीवरच्या दुर्बिणीचे स्क्रू तपासले. एक जरासा ढिला होता, तो आवळला. आम्ही मोठ्या आशेने खाणीत गेलो. फरक नाही. मग तिने नळी साफ केली. कापडाचे चौकोन आतून ओढून काढले, आधी काळे, मग तांब्याच्या गंजाने हिरवे-निळे, शेवटी पांढरे येईपर्यंत. वाळत घातलेल्या मोज्यांसारखे ते तिने अंगणातल्या दोरीवर लटकवले होते. तरी फरक नाही. मग दोन गोळ्यांमध्ये नळी पूर्ण थंड होऊ दिली. तेवढ्या वेळात आम्ही रुबार्बच्या आंबट देठांचा गोड पाई खायचो आणि कधी कधी चक्क झोपायचो. एकदा मला जाग आली तेव्हा ती उताणी पडून आकाशाकडे बघत होती. एक ससाणा फार उंचावर एकाच जागी तरंगत होता.

"तो म्हणायचा, ज्याला कागदावर नेम धरता येत नाही त्याने जनावराकडे बघू नये," ती म्हणाली.

"दुकानातली काडतुसं घे की या वर्षापुरती."

"घेऊन बघितली. ठीक आहेत. पंजा नाही, पण अर्धा पंजा." ती हसली. "या नळीला ती कधी मानवलीच नाहीत. आणि अर्ध्या पंजाने जनावर जखमी होऊन पळतं, लोईस. मग ते कुठल्या तरी ओढ्यात दोन दिवस पडून राहतं. मला ते नकोय."

"मग?"

"मग ऑक्टोबरपर्यंत जमलं नाही तर बंदूक त्या दुकानदाराला देऊन टाकेन. लाकूड सुंदर आहे म्हणतो ना."

ती हे इतक्या सहज म्हणाली की मला वाटलं, आपण झोपेतच ऐकतोय.

ऑगस्टमध्ये गोळी पुंगळीत किती खोल बसवायची ते तिने तपासलं. त्यासाठी तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऑरिनचं एक काडतूस आणलं. तेव्हा मला कळलं की त्याने भरलेली चार काडतुसं अजून शिल्लक होती. खिडकीत, कुंडीशेजारी, ती ओळीने उभी करून ठेवलेली असत. मी त्यांना शोभेची वस्तू समजले होते. तिने आपलं काडतूस त्याच्या शेजारी ठेवून लांबी मोजली. तंतोतंत सारखी.

"व्हर्ना," मी म्हणाले, "त्यातली तीन मारून बघ ना."

तिने वर पाहिलं नाही.

"म्हणजे कळेल तरी. त्याची नीट लागली तर बंदूक चांगली, तूही चांगली, खोट तुझ्या भरण्यात. नाही लागली तर..."

"नाही लागली तर मी म्हातारी."

"मी तसं म्हणाले नाही."

"तुम्ही सगळे तसंच म्हणताय." तिने काडतूस उचलून पुन्हा खिडकीत ठेवलं, टोक वर करून, जसं आधी होतं तसं. "घरी जा, लोईस. मला पीठ मळायचंय."

पुढचा आठवडाभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मीठ दे. गाजरं झाली का. मला कळत होतं की मी तिच्याकडे काय मागितलं होतं. त्या काडतुसांत ऑरिनची चिमूट होती, त्याचा रोखलेला श्वास होता. एकदा वाजली की संपली.

मग एका शनिवारी पहाटेच, धूर जरा निवळला होता तेव्हा, तिची पिकअप माझ्या दारात येऊन उभी राहिली. ती आत आली नाही. मी बाहेर गेले तर सीटवर चार काडतुसं हातरुमालात गुंडाळलेली होती.

खाणीत हवा थंड होती, झळा नव्हत्या. कागद स्थिर होता. तिने पहिली गोळी मारली आणि बराच वेळ तशीच पडून राहिली, गाल दस्त्याला टेकलेला. मग दुसरी. तिसरीच्या आधी तिने हात पुसले. मी या वेळी दुर्बिणीऐवजी तिच्या डोळ्याकडे बघत होते. डोळा मिटला नाही. हात हलला नाही. बंदुकीने जेवढा हलवायचा तेवढाच खांदा हलला.

"सांग," ती म्हणाली.

मी दुर्बिणीतून पाहिलं. मला आधी एकच भोक दिसलं. मग नीट पाहिलं तर ती तीन होती, एकमेकांत शिरलेली.

"तिपतीचं पान," मी म्हणाले.

तीनही पुंगळ्या तिने रुमालात घेतल्या. परत येताना गाडीत म्हणाली, "धक्काही कमी बसला. खांद्याला लागलंच नाही."

"आनंदात होतीस, म्हणून वाटलं असेल."

"नाही," ती म्हणाली. "आनंदात नव्हते."

घरी आल्यावर तिने कोट न काढताच चौथं काडतूस गॅरेजमध्ये नेलं. काडतूस उघडायची एक प्लास्टिकची पोकळ हातोडी असते. तिच्यात काडतूस उलटं अडकवून लाकडावर ठोकलं की झटक्याने गोळी सुटते आणि सगळं हातोडीच्या पोटात जमा होतं. व्हर्नाने ठोकलं. नाही सुटली. आणखी ठोकलं. मी म्हणाले, राहू दे हवं तर. ती म्हणाली, आता काय राहू द्यायचं. मग सुटली.

तिने दारू नव्या काट्याच्या ताटलीत ओतली. पेन्सिलीच्या शिशाचे बारीक तुकडे असावेत तसे ते करडे कण. ऑरिनने कधीतरी मागच्या हिवाळ्यात मोजलेले. काट्यावर हिरवे आकडे पळाले आणि थांबले.

आकडा वेगळा होता. ऑरिनच्या आकड्यापेक्षा कमी. फार नाही, पण मोजून भरणाऱ्या माणसाच्या हातून ते चुकून होणार नाही, एवढा कमी.

"काटा बिघडलाय," मी म्हणाले.

तिने काट्याबरोबर आलेलं तपासणीचं वजन ठेवून पाहिलं. काटा बरोबर होता. तिने दारू पुन्हा तोलली. पुन्हा तेच.

म्हणजे उन्हाळाभर ती प्रामाणिकपणे जास्त दारू भरत होती. त्या बंदुकीला ती मानवत नव्हती, म्हणून गोळ्या विखुरत होत्या, म्हणून खांदा दुखत होता. एवढं तर कळलं. पण मग ऑरिन तोंडाने एक आकडा म्हणत होता आणि ताटलीत दुसराच टाकत होता का?

व्हर्ना स्टुलावर बसली. खिडकीतून सकाळचं ऊन तिच्या गुडघ्यांवर आलं होतं.

"प्रत्येक वेळी विचारायचा," ती म्हणाली. "गोळी मारली की पहिला प्रश्न तोच. खांदा काय म्हणतो? मी म्हणायचे, काही नाही म्हणत. मग खूश व्हायचा."

मी हातोडी बाजूला ठेवली.

"मी त्याला लग्नाच्या वेळी सांगितलं होतं, मला बायकी काडतुसं नकोत. माझे वडील भरायचे तशीच भर. त्याने मान डोलावली होती." तिने एक कण बोटाच्या टोकावर घेतला. "आणि मग मला ऐकू येईल असा तो आकडा म्हणत बसायचा. इतकी वर्षं."

त्यानंतरचे तीन-चार दिवस ती वेगळीच होती. स्वयंपाकघरात सूप ढवळता ढवळता थांबायची आणि स्वतःशी हसायची. एकदा दूध उतू गेलं, आश्रमातल्या एका आजोबांना तिने चुकून दोनदा जेवण वाढलं. त्यांनी तक्रार केली नाही. नुकतंच लग्न झालेल्या मुलीसारखी ती दिसत होती. नवऱ्याने आपल्याला इतकी वर्षं फसवलं, आणि तेही आपल्या खांद्यासाठी, यात एवढं सुख असेल असं मला वाटलं नव्हतं. मलाही त्यांच्या गॅरेजचे ते रविवार वेगळे दिसायला लागले.

मग एका दुपारी ती हात पुसत म्हणाली, "डेल्मरकडे जाऊन येऊ."

मला कळलं कशासाठी. "कशाला?" मी म्हणाले. "आकडा मिळाला ना तुला? तेवढी दारू भर आणि हो मोकळी."

"तराजू बघायचाय."

"व्हर्ना, काही गोष्टी बघू नयेत."

"ऑरिनने बघितला असता," ती म्हणाली. "तो असता तर त्याच दिवशी गेला असता."

डेल्मर धरणाच्या काठी चाकांवरच्या घरात एकटा राहायचा. आम्ही गेलो तेव्हा तो पायरीवर बसून मासे साफ करत होता. ऑरिनचीच चण, पण सगळं जरा तिरकं. टोपी तिरकी, हसणं तिरकं.

"कॉफी सकाळची आहे," तो म्हणाला.

"तुझी कॉफी कायम सकाळची असते. कोणत्या दिवशीची ते सांग," व्हर्ना म्हणाली.

तराजू खिडकीत ठेवला होता. पडदा बाजूला बांधलेला होता, म्हणजे तो नीट दिसावा.

"मी त्यावर काही तोलत नाही," डेल्मर म्हणाला, जरा ओशाळून. "रस्त्याने ट्रक गेला की तो आपोआप डुलतो. मग थांबतो. मी बघत बसतो."

व्हर्नाने पर्समधून जॅमची छोटी बाटली काढली. तिच्यात ती दारू होती, ऑरिनच्या शेवटच्या काडतुसातली. तिने आधी रिकाम्या ताटलीने तराजू पाहिला. सरकतं वजन शून्यावर, दांडी अगदी रेघेवर. कुणालाही शंका येणार नाही असा. मग तिने दारू ताटलीत ओतली आणि सरकतं वजन एकेक खाच पुढे न्यायला लागली. बाहेर पाणी काठाला लागत होतं. दांडी वर गेली, खाली आली, थोडी डुलली, आणि रेघेवर थांबली.

वजन ऑरिनच्या आकड्यावर होतं. बरोबर त्या खाचेवर.

मला तिच्याकडे बघवेना. मी माशांकडे बघत राहिले.

"काय झालं?" डेल्मरने विचारलं.

"काही नाही," व्हर्ना म्हणाली. तिचा आवाज सरळ होता. "तुझा भाऊ खरं बोलत होता. तराजू चुकीचा आहे."

"ऑरिनचा तराजू?"

"हो. बहुतेक लिलावात घेतला तेव्हापासूनच. तपासायला दुसरा होता कुठे."

डेल्मर हळूहळू हसायला लागला. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग त्याला खालीच बसावं लागलं. "जन्मभर," तो म्हणत होता, "जन्मभर मला सांगत आला, डेल्मर, तुझं कुंपण वाकडं आहे. डेल्मर, तुझं दार तिरकं बसलंय. आणि स्वतः..." त्याने माशांनी बरबटलेल्या हातांनीच डोळे पुसले आणि मग बराच वेळ हात खाली घेतले नाहीत.

व्हर्नाने वाट पाहिली. मग म्हणाली, "कुंपण वाकडंच होतं पण."

"होतं," डेल्मर हातांआडून म्हणाला. "आहे अजून."

निघताना त्याने तराजू कागदात गुंडाळायला घेतला. "घेऊन जा. तुला लागेल."

"मला खरं वजन कळलंय आता. नव्या काट्यावर भरेन." तिने कागद त्याच्या हातातून काढून घेतला. "तुझ्याकडे डुलू दे."

परतीच्या रस्त्यावर ऊन कलतं होतं आणि दोन्हीकडची गव्हाची कापलेली शेतं फिकट सोन्याची झाली होती. मला राहवेना.

"वाईट वाटतंय?"

तिने विचार केला. "तीन-चार दिवस फार चांगले गेले," ती म्हणाली. "पण तो मला ओळखीचा वाटत नव्हता, लोईस. इतकं सराईत खोटं बोलणारा. त्याला वाढदिवसाची भेटसुद्धा लपवता यायची नाही." थोड्या वेळाने म्हणाली, "हा वाटतोय ओळखीचा. मान खाली घालून, अगदी काळजीपूर्वक चुकीचं मोजणारा."

"पण खांद्याचं तो विचारायचा."

"हो," ती म्हणाली. "ते विचारायचा."

सप्टेंबरच्या पहिल्या थंडीत तिने त्या खऱ्या वजनाची काडतुसं भरली. माझ्यासमोर. ती आकडा पुटपुटत नव्हती. काटा हिरव्या अक्षरांत तो दाखवत होताच. खाणीत गेलो. तीन भोकं एकमेकांच्या जवळ आली, पण चिकटली नाहीत. तिने गोळी अगदी केसभर आत बसवून पाहिली. पुढच्या खेपेला चिकटली. आम्ही दोघींनी कागदाजवळ जाऊन बोट लावून पाहिलं. ना ती ओरडली ना मी. तिने कागदाची घडी करून खिशात टाकली आणि म्हणाली, "चल, रात्रीच्या बटाट्यांना उशीर होतोय."

बंदुकीच्या दुकानातला माणूस त्यानंतर भेटला तेव्हा त्याने चौकशी केली. ती म्हणाली, लाकूड खरंच सुंदर आहे.

नोव्हेंबरमध्ये बर्फ पडल्यावर ती एकटीच डोंगरात चढली. माझे गुडघे त्या चढाला तयार नव्हते, म्हणून मी खाली पिकअपमध्ये थांबले होते, मांस बर्फावरून ओढून आणायची घसरगाडी आणि थर्मास घेऊन. उजाडून बराच वेळ झाला होता. ढग इतके खाली आले होते की झाडांचे शेंडे दिसत नव्हते आणि सगळीकडे ती बर्फाची शांतता होती, जिच्यात माणसाला आपण जागे आहोत की नाही तेही नीट कळत नाही. मग वरून एक आवाज आला. मऊ, दूरचा, कुणीतरी जाड पुस्तक मिटावं तसा.

मी दुसऱ्या आवाजाची वाट पाहिली. दुसरा आवाज म्हणजे पहिली गोळी नीट लागली नाही. मी काच खाली करून, श्वास धरून बसले. बर्फ आत येत राहिलं. दुसरा आवाज आला नाही.

मग मी घसरगाडी ओढत तिच्या पावलांवरून निघाले. गुडघ्यांना सवड देत, थांबत थांबत. पावलं फरच्या झाडांमधून एका उतारावरच्या मोकळ्या जागेत गेली. तिथे ती होती. मादी मोठी होती, आणि पडली त्या जागेपासून एक पाऊलही चालली नसावी. भोवतालचं बर्फ कुठेही तुडवलेलं नव्हतं. व्हर्नाने कोट काढून झाडाला अडकवला होता, बाह्या कोपरापर्यंत वर केल्या होत्या. उघड्या पोटातून वाफ निघत होती.

एल्क साफ करणं हे दोघांचं काम आहे. जनावर पाठीवर टाकायचं, एकाने मागचा पाय वर धरून उभं राहायचं आणि दुसऱ्याने सुरी चालवायची. पाय सोडला तर सगळं धड कुशीवर कलंडतं. इतकी वर्षं तो पाय ऑरिन धरायचा. व्हर्नाने त्या पायाला दोर बांधून तो बाजूच्या फरच्या एका कोवळ्या झाडाला ताणून बांधला होता. गाठ दुहेरी होती आणि उरलेला दोर नीट गुंडाळून बुंध्याशी ठेवला होता.

मी हातमोजे काढले आणि पाय धरायला पुढे झाले. गाठीला हात घातला.

"राहू दे," व्हर्ना वर न बघता म्हणाली. "तो धरलेला आहे. तू मांसाची पिशवी धर."

मी पिशवी उघडून धरली. ती पुन्हा वाकली. झाड तेवढं मोठं नव्हतं, दोराने जरा झुकलं होतं, आणि तिने आत हात घालून ओढलं की त्याच्या फांद्यांवरचं बर्फ थोडं थोडं करून तिच्या पाठीवर पडत होतं.